मामला मिलिसेकंदांचा

आपल्यापैकी बहुतेकांची टू डी इकोशी ओळख होते ती कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये. उपाशीपोटी रक्त द्यायचं, ट्रेडमिलवर धापा टाकायच्या आणि मग एका अंधाऱ्या, एसीने गारठलेल्या खोलीत डाव्या कुशीवर झोपायचं. छातीवर थंडगार जेल, त्यावर फिरणारा प्रोब आणि स्क्रीनवर काळंपांढरं काहीतरी फडफडतंय. 'नॉर्मल आहे' असं ऐकलं की शर्टाची बटणं लावत आपण थेट कँटीनमध्ये, उपवास सोडायला! रिपोर्टमधला एकच आकडा लक्षात राहतो. 'माझं पंपिंग साठ आलं, तुझं?' अशी चौकशी मी लिफ्टमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. जणू काही अप्रेझलचं रेटिंगच.

हा साठ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात जेवढं रक्त भरलं, त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकलं गेलं, त्याचा हिशेब. पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान असेल तर उत्तम. पण हा झाला क्वार्टरचा रिझल्ट. टीममधले सगळे एका वेळी कामाला लागले होते, की अर्धे लोक चहा पिऊन नंतर उगवले, हे त्यातून अजिबात कळत नाही. आणि हृदयाच्या बाबतीत हा प्रश्न फार गंभीर असू शकतो. ठोका एकच, पण एक भिंत आधी आकसते, दुसरी मागाहून. एकाचा पायपोस एकाला नाही. डॉक्टरी भाषेत याला डिससिंक्रनी म्हणतात.

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो माझ्या मामांच्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत.

मामा एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर शेती बघतात. गेल्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली, पायांवर सूज आली, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. गावाकडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं आणि साहजिकच सगळी वरात माझ्या वन बीएचकेमध्ये येऊन दाखल झाली. अँजिओग्राफी झाली, रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. हृदयाचा स्नायूच कमजोर होऊन कप्पा फुगला होता. पंपिंग तीस टक्के. आणि इकोच्या रिपोर्टमध्ये तळाशी एक ओळ, 'डिससिंक्रनी प्रेझेंट'.

मी मामांना जमेल तसं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे टायमिंग गेलंय म्हण की इंजिनाचं."

एवढी नेमकी व्याख्या मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

आता घरात दोन पार्ट्या पडल्या. न्यू जर्सीतल्या दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, रात्री दोन वाजता पीडीएफचा सपाटा लावला. टायमिंग दुरुस्त करणारा खास पेसमेकर मिळतो, तो ताबडतोब बसवा, पैशांची काळजी करू नका. मामी म्हणाल्या, छातीत मशीन नको, आधी औषधं बघू. मशीनची किंमत काही लाखांत. आणि निर्णय कोणाकडे? 'तू शिकलेली आहेस, तूच विचार डॉक्टरांना.' मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे हो! पण मिलिसेकंदांशी रोजचा संबंध असल्यामुळे म्हणा किंवा नाइलाज म्हणून म्हणा, मी या विषयात खोल शिरले. आणि जे सापडलं ते एखाद्या थ्रिलरपेक्षा कमी नव्हतं.

जहाजाच्या कारखान्यातून हृदयापर्यंत

आवाजाने हृदय बघायची कल्पना स्वीडनमधली. लुंड शहरात इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. झडपेच्या ऑपरेशनआधी ती झडप नेमकी किती खराब आहे हे बाहेरून कळावं, ही त्यांची तळमळ. त्यांना साथ मिळाली कार्ल हेलमुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाची. वडील गुस्ताव हर्ट्झ नोबेलविजेते, आणि ज्यांच्या नावाने आपण मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झ म्हणतो ते हाइनरिश हर्ट्झ त्याच घरातले. या दोघांनी माल्मोच्या जहाज कारखान्यात जाऊन तिथलं एक यंत्र बघितलं. पोलादात कुठे तडा आहे का, हे अल्ट्रासाउंडने शोधायचं यंत्र! नंतर सीमेन्सकडून तसंच यंत्र मिळालं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी धडधडत्या हृदयाचे हलते प्रतिध्वनी नोंदवले. १९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

तत्त्व आजही तेच. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजारांपलीकडची कंपनं ऐकू येत नाहीत. इकोचा प्रोब सेकंदाला वीस-चाळीस लाख कंपनांचा आवाज शरीरात सोडतो. तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, प्रत्येक पडद्यावर आपटून परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. दरीत 'ओ' देऊन प्रतिध्वनी ऐकण्यासारखंच. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, दुखत तर अजिबात नाही. (मामांना सगळ्यात गंमत वाटली ती खोलीबाहेरच्या 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीची. यंत्र सोनोग्राफीचंच असल्यामुळे १९९४ चा कायदा इथेही लागू. "माझं काय निघतंय बघूया," असं म्हणत ते आत गेले.)

दुधाची पिशवी

टायमिंग जातं कसं? हृदयाला स्वतःचं वायरिंग असतं. वरून निघालेला विजेचा संदेश मधल्या पडद्यापाशी येऊन दोन फांद्यांमध्ये वाटला जातो, एक उजव्या कप्प्याकडे, एक डाव्या. सगळं सुरळीत असेल तर एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच दोन्ही कप्प्यांना निरोप पोहोचतो. पण डावी फांदी बंद पडली, ज्याला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात, तर संदेश आधी उजवीकडे जातो आणि तिथून स्नायूच्या आडवाटेने, रखडत डावीकडे. एक्स्प्रेसवे बंद, जुन्या घाटातून वाहतूक सुरू!

परिणाम? दुधाची पिशवी दोन्ही हातांनी एकदम दाबली तर दूध जोरात बाहेर येतं. एका हाताने दाबली तर दुसरी बाजू फुगते, दूध आतल्या आत सरकतं. नंतर दुसऱ्या हाताने दाबलं की पहिली बाजू फुगते. कष्ट दुप्पट, दूध निम्मं. हृदयाचा मधला पडदा आधी आकसतो आणि बाहेरची भिंत मागून येते तेव्हा अगदी हेच होतं. मामांना इको करणाऱ्या डॉक्टर मॅडम फार गोड होत्या. माझे प्रश्न ऐकून त्यांनी मला दुसऱ्याच एका पेशंटची, नाव झाकलेली, जुनी क्लिप दाखवली. ठोका सुरू होताक्षणी मधला पडदा एकदम आत झटका मारतो आणि लगेच मागे जातो. पापणी लवावी तसा. याला सेप्टल फ्लॅश म्हणतात. मग बाहेरची भिंत आळस देत आत येते, आणि या ओढाताणीत हृदयाचं टोक घंटेच्या लोलकासारखं डावी-उजवीकडे झुलतं. एकदा बघितलं की विसरता येत नाही. ढोल पथकात निम्मे ढोल एक ठोका मागे पडले तर कसं वाटेल, ते डोळ्यांनी दिसतं.

ईसीजीवर हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने दिसते. ठोक्याची ती उंच टोकदार रेघ, जिला क्यूआरएस म्हणतात, रुंद होते. निरोगी माणसात ती साधारण ११० मिलिसेकंदांच्या आत असते. डावी फांदी बंद पडलेल्यांमध्ये १५०, १६० पर्यंत जाते.

यावर उपाय निघाला तो १९९४ मध्ये, फ्रान्समध्ये. सर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या हृदयाला दोन्ही बाजूंनी पेसिंग दिलं. म्हणजे नेहमीच्या वायरींबरोबर आणखी एक वायर डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपाशी. दोन्ही भिंतींना एकदम इशारा. २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा यंत्राला मान्यता दिली. सीआरटी म्हणतात ते हेच. २००५ च्या केअर-एचएफ या अभ्यासात ८१३ रुग्ण होते, आणि सीआरटी मिळालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी घटला. ही अक्षरशः क्रांती होती.

फक्त एक खुसपट राहिलं. यंत्र बसवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना काही फरकच पडत नव्हता. मग विचार पुढे आला की ईसीजी दाखवतो वीज, आणि आपल्याला तर दुरुस्त करायची आहे हालचाल. मग हालचालच का बघू नये? इको आहेच की!

तर्क बिनतोड. आणि इथून सुरू झाली मोजमापांची शर्यत. एक जण म्हणाला, मधला पडदा आणि मागची भिंत यांच्या आकसण्यात १३० मिलिसेकंदांचं अंतर असेल तर यंत्र उपयोगी पडेल. नेदरलँड्समध्ये लायडनच्या गटाने टिश्यू डॉपलर वापरून, म्हणजे स्नायूचा वेग मोजून, समोरासमोरच्या भिंतींत ६५ मिलिसेकंदांची सीमारेषा आखली. हाँगकाँगच्या गटाने डाव्या कप्प्याचे बारा तुकडे पाडले आणि त्यांच्या वेळांमधली तफावत ३३ मिलिसेकंदांच्या वर गेली की धोक्याची घंटा, असं सुचवलं. पुढे स्पेकल ट्रॅकिंग आलं. इकोच्या चित्रात जे राखाडी दाणे दिसतात, त्यांच्या नक्षीचा एकेका फ्रेममध्ये पाठलाग करायचा आणि स्नायू किती दबला ते काढायचं. रंगीत आलेख, इंद्रधनुष्यासारखे. दादाने पाठवलेल्या पीडीएफ याच काळातल्या. वाचून कोणीही भारावून जाईल.

पण टेस्टर म्हणून माझ्या डोक्यात लगेच वाजलं ते वेगळंच. साध्या इकोत सेकंदाला पन्नास-साठ फ्रेम असतील तर एक फ्रेम सोळा ते वीस मिलिसेकंदांची झाली. ३३ मिलिसेकंदांचा निकाल त्यावर कसा लावणार? टिश्यू डॉपलरमध्ये फ्रेम जास्त मिळतात हे खरं, पण तिथे कोनाची भानगड. प्रोब थोडा तिरका झाला की आकडा बदलतो. शिवाय डॉपलरला फक्त हालचाल कळते. भिंत स्वतः आकसतेय की शेजारच्या भिंतीने तिला ओढत नेलंय, ते नाही कळत.

आकड्यांचा निकाल

२००८ मध्ये प्रॉस्पेक्ट नावाचा अभ्यास आला. युरोप, अमेरिका आणि हाँगकाँगमधली ५३ केंद्रं, ४९८ रुग्ण आणि इकोची बारा मोजमापं. निष्कर्ष असा की यातलं एकही मोजमाप, कोणाला यंत्राचा फायदा होईल हे भरवशाने सांगू शकत नाही. काही मोजमापांत तर तीच क्लिप दोन वेगळ्या तज्ज्ञांनी मोजली की उत्तरं इतकी वेगळी, की विचारू नका.

तरीही काहींची आशा होती. यंत्र ज्यांना लागू नाही समजलं जातं, म्हणजे ज्यांची ईसीजीची रेघ अरुंद आहे पण इकोत डिससिंक्रनी दिसते, त्यांना तरी इकोच्या भरवशावर द्यावं का? माझे मामा नेमके याच खणात बसत होते. त्यांचा क्यूआरएस होता १०४.

या प्रश्नाचं उत्तर इको-सीआरटी या अभ्यासाने २०१३ मध्ये दिलं. ८०९ रुग्ण, सगळ्यांचा क्यूआरएस १३० च्या आत, सगळ्यांच्या इकोमध्ये डिससिंक्रनी. सगळ्यांना यंत्र बसवलं. निम्म्यांमध्ये सीआरटी चालू ठेवलं, निम्म्यांमध्ये बंद. कोणाचं चालू, कोणाचं बंद हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सीआरटी चालू असलेल्या गटात ४५ मृत्यू झाले होते. बंद असलेल्या गटात २६.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. निव्वळ निरुपयोगी असतं तर 'पैसे गेले' म्हणून सोडून देता आलं असतं. इथे टायमिंग दुरुस्त करायला गेलेलं यंत्र नुकसान करत होतं.

असं का व्हावं? मॅडमनी सांगितलेल्या गोष्टी मी माझ्या भाषेत मांडते. ऑफिसला दोन जण उशिरा येतात. एकाचा अलार्म वाजलाच नाही, तो घरातूनच उशिरा निघाला. दुसरा वेळेवर निघाला, पण त्याची गाडी खटारा, चढावर दम टाकते. दोघांची पंचिंगची वेळ एकच. सीआरटी म्हणजे अलार्म. पहिल्याला त्याचा उपयोग. दुसऱ्याला चार अलार्म लावून दिले तरी गाडी तीच. इकोची बरीचशी मोजमापं पोहोचायची वेळ बघत होती, निघायची नव्हे. स्नायू कमजोर असेल, त्यात व्रण असेल, कप्प्यावर ताण असेल, तरी भिंत शिखर उशिरा गाठते. विजेचा संदेश मात्र वेळेवर पोहोचलेला असतो. अशा हृदयाचं व्यवस्थित चाललेलं वायरिंग बाजूला सारून बाहेरून ठोके द्यायचे म्हणजे चांगल्या घरात उगाच तोडफोड.

मी हे सगळं घेऊन मामांच्या कार्डिऑलॉजिस्टकडे गेले, तर त्यांनी रिपोर्टची ती शेवटची ओळ वाचलीसुद्धा नाही. ईसीजीची पट्टी हातात घेतली, पट्टी मोजली आणि म्हणाले, "सीआरटी नको. औषधं पूर्ण डोसला नेऊ. तीन-चार महिन्यांनी पुन्हा इको." दादाला व्हिडिओ कॉलवर हे पटवायला मात्र एक तास गेला. परदेशात बसून वडिलांसाठी काहीतरी 'करायचं' असतं, आणि 'काही करू नका' हा सल्ला पचायला फार जड जातो. मला त्याचा राग आला नाही. लाखो रुपये खर्च करायची तयारी असलेल्या माणसाला नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांचं मात्र मनापासून कौतुक वाटलं.

चार प्रकारच्या गोळ्या, दर दोन आठवड्यांनी डोस वाढवणं, मीठ कमी, रोज सकाळी वजन. मध्ये एकदा बीपी फारच खाली आलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चार महिन्यांनी पंपिंग अडतीस. जादू झालेली नाही, मामा अजून चढावर थांबतात. पण एक उशी कमी झाली, आणि पस्तीसच्या वर गेल्यामुळे शॉक देणाऱ्या यंत्राचा वेगळा प्रश्न होता, तोही तूर्त मागे पडला. नव्या रिपोर्टमध्ये डिससिंक्रनीचा उल्लेखच नाही. मामा म्हणतात, "गाडी लाइनवर हाय अजून."

म्हणजे इको यातून बाद झाला का? मुळीच नाही. पंपिंग किती, कप्पा किती फुगला, झडपा गळतात का, हे त्याच्याशिवाय कळत नाही, आणि सीआरटीचा विचारसुद्धा पंपिंग पस्तीस किंवा खाली असेल तरच होतो. आता युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुख्य कौल ईसीजीचा. डावी फांदी बंद आणि क्यूआरएस १५० किंवा जास्त असेल तर भक्कम शिफारस, १३० च्या आत असेल तर नाही. मधल्या, अधांतरी लोकांसाठी मात्र मला ती जुनी क्लिप आठवते. सेप्टल फ्लॅश आणि टोकाचं झुलणं या दोन खुणा स्टॉपवॉच न लावता, अनुभवी नजरेला दिसतात, आणि २०१६ मध्ये हजारावर रुग्णांच्या पाहणीत असं आढळलं की या खुणा असलेले रुग्ण सीआरटीनंतर जास्त जगले. एवढ्या मिलिसेकंदांच्या मोजामोजीनंतर शेवटी नजरच कामाला यावी, हे मला फार आवडलं.

आणि वायरिंगवाल्यांनीही हार मानलेली नाही. २०१७ मध्ये चीनमधल्या गटाने वायर थेट मधल्या पडद्यात खोल नेऊन डाव्या फांदीलाच, अडथळ्याच्या पुढे, करंट द्यायची पद्धत प्रसिद्ध केली. घाटातली वाट रुंद करण्यापेक्षा एक्स्प्रेसवेवर पुढच्या नाक्यावरून शिरायचं. ही पद्धत आता भारतातही वापरली जाते.

तुमच्या घरी कोणाच्या रिपोर्टवर 'डिससिंक्रनी' हा शब्द आला, तर इकोच्या फाइलबरोबर ईसीजीची मूळ पट्टीही न्या, आणि थेट विचारा, 'क्यूआरएस किती, आणि डावी फांदी बंद आहे का?' पट्टीचा कागद बसच्या तिकिटासारखा असतो, काही महिन्यांत पुसट व्हायला लागतो. हातात पडली की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उजेडात, सरळ धरून, कडेची तारीख दिसेल असा.